शीत एका हंडीतले, परीक्षा सगळ्या भाताची

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मीळ कर्करोगावरच्या एका नव्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करून त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचे आणि त्या पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. टी-पेशीची ओळखण्याची यंत्रणा अशी बदलून घन गाठीच्या कर्करोगावर केलेल्या उपचाराला मिळालेली ही पहिलीच मान्यता. पण मान्यतेसोबत एक अट आहे आणि आपल्या दृष्टीने ती बातमीपेक्षाही महत्त्वाची आहे. रुग्णाच्या पेशींवर ‘एचएलए-ए’ या कुळातील ०२:०१, ०२:०२, ०२:०३ किंवा ०२:०६ यांपैकी एखादा प्रकार असला पाहिजे. तो नसेल तर हा उपचार त्या रुग्णासाठी नाही. याच ‘०२’ गटातला ०२:११ हा प्रकार जगातील इतर लोकसमूहांच्या मानाने भारतीयांमध्ये बराच जास्त आढळतो. तो या यादीत नाही.

यात कोणाचा दुष्टावा नाही. ज्या लोकांवर संशोधन झाले, त्यांच्याविषयीचे ज्ञान जमले आणि ज्यांच्याविषयी ज्ञान जमले त्यांच्यासाठी औषध निघाले, इतका हा सरळ हिशेब आहे. मात्र हेच ज्ञान आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती दिले जात आहे. प्रथिनांचा नेमका कोणता तुकडा आपली प्रतिकार यंत्रणा ओळखेल, याचे भाकीत ‘डीप लर्निंग’ या तंत्राने करण्याचे काम जगभरात वेगाने सुरू आहे. त्यावर उद्याच्या लसी, कर्करोगाचे उपचार आणि त्यांतला कोट्यवधींचा व्यवहार उभा राहणार आहे. त्या भाकितात आपण कुठे आहोत, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. त्यासाठी आधी हे भाकीत कशाचे असते, ते समजून घेऊ.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय चालले आहे याचा नमुना सतत बाहेर मांडत असते. पेशीत तयार झालेली प्रथिने काही काळाने जुनी होतात. त्यांचे बारीक तुकडे केले जातात. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांतले काही तुकडे एचएलए नावाच्या रेणूच्या खोबणीत अडकवून पेशीच्या पृष्ठभागावर आणले जातात. सर्वसाधारणपणे ८ ते ११ अमिनो आम्लांचा आणि बहुतेक वेळा ९ अमिनो आम्लांचा असा हा तुकडा असतो. शरीरभर फिरणाऱ्या टी-पेशी तो चाचपून पाहतात. तुकडा आपल्याच शरीरातील नेहमीच्या प्रथिनाचा असेल तर पुढे जातात. विषाणूचा किंवा कर्करोगामुळे बदललेल्या प्रथिनाचा असेल आणि टी-पेशीला तो ओळखता आला, तर ती पेशी नष्ट केली जाते. प्रतिकार यंत्रणेने ओळखलेल्या अशा तुकड्याला ‘एपिटोप’ म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. संपूर्ण विषाणू टी-पेशीला कधी दिसत नाही. दिसते ते नऊ अमिनो आम्लांचे एक शीत.

आता हे शीत कोणते असेल, ते ज्याच्या त्याच्या एचएलएवर ठरते. घरात कोणाचे मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले असेल, त्यांना ‘एचएलए जुळते का’ हा प्रश्न परिचयाचा असेल. या कामातले एचएलए-ए, बी आणि सी असे तीन मुख्य रेणू प्रत्येकाकडे असतात आणि प्रत्येकाचा एक प्रकार आईकडून, एक वडिलांकडून येतो. म्हणजे एका माणसाकडे जास्तीत जास्त सहा प्रकार. पण जगभरातल्या माणसांत मिळून एचएलए कुळातील जनुकांचे ४० हजारांहून अधिक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. प्रकार बदलला की खोबणीचा आकार बदलतो आणि तिच्यात बसणारा तुकडाही बदलतो. एकाच विषाणूची बाधा एकाच इमारतीतल्या दोन शेजाऱ्यांना झाली, तरी त्यांच्या पेशी त्या विषाणूचे वेगवेगळे तुकडे बाहेर मांडू शकतात. समाजाच्या दृष्टीने हे वैविध्य वरदान आहे, कारण एकच विषाणू सगळ्यांच्या नजरेतून निसटू शकत नाही. औषध तयार करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती डोकेदुखी आहे.

हे कोडे उलगडायला काही दशके लागली. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल उंदरांवर काम करत होते. एका जातीच्या उंदराच्या टी-पेशी त्याच जातीच्या उंदराच्या विषाणूबाधित पेशी मारतात, पण तोच विषाणू दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशीत शिरला असेल तर त्याला हात लावत नाहीत, हे त्यांना दिसले. टी-पेशीला विषाणूबरोबरच पेशीची स्वतःची खूणही लागते, हा त्याचा अर्थ. या शोधासाठी दोघांना १९९६ चे नोबेल मिळाले. ही खूण आणि विषाणू यांची सांगड कशी बसते, ते १९८७ मध्ये कळले. हार्वर्ड विद्यापीठातील पामेला बियॉर्कमन, डॉन वायली, जॅक स्ट्रॉमिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचएलए रेणूची त्रिमितीय रचना उलगडली आणि ती खोबण प्रथमच डोळ्यांना दिसली. १९९१ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगन येथे हान्स-गेऑर्ग रामेन्झे यांच्या गटाने खोबणीतले तुकडे सोडवून तपासले. प्रत्येक एचएलए प्रकाराची आवड ठरलेली असते, असे त्यांना आढळले. उदाहरणार्थ ०२:०१ या प्रकाराला तुकड्याच्या दुसऱ्या जागी ल्युसीन आणि शेवटच्या जागी ल्युसीन किंवा व्हॅलीन हे अमिनो आम्ल असलेले आवडते. आवड ठरलेली असेल तर भाकीत करता येईल, ही कल्पना इथून पुढे आली.

भाकिताची गरज का पडते, ते एका आकडेमोडीने स्पष्ट होईल. अमिनो आम्ले २० आणि तुकड्यातल्या जागा ९. म्हणजे शक्य असलेले एकूण तुकडे ५१२ अब्ज. एवढे तुकडे कोणी तपासत बसत नाही, हे खरे. पण एकट्या कोरोना विषाणूचे ‘स्पाइक’ प्रथिन घेतले तर त्यात १,२७३ अमिनो आम्ले आहेत, आणि त्यातून ९ लांबीचे १,२६५ तुकडे निघतात. याला विषाणूच्या इतर प्रथिनांची आणि एचएलएच्या निरनिराळ्या प्रकारांची जोड दिली की प्रयोगशाळेतल्या चाचण्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते. कर्करोगात अडचण आणखी बिकट असते. तिथे प्रत्येक रुग्णाच्या गाठीतले जनुकीय बदल वेगळे असतात, काही वेळा ते शेकड्यांनी असतात, आणि रुग्णाजवळ थांबायला वेळ नसतो. काही आठवड्यांत त्यांतले दहा-वीस तुकडे निवडून लस तयार करायची, तर आधी चाळणी लावायलाच हवी. ही चाळणी म्हणजे संगणकाचे भाकीत.

सुरुवातीच्या चाळण्या साध्या होत्या. प्रत्येक जागी कोणते अमिनो आम्ल असले की किती गुण, असा तक्ता करायचा आणि बेरीज मांडायची. पण तुकड्यातल्या जागा एकमेकींवर परिणाम करतात. तिसऱ्या जागी काय आहे त्यावर सातव्या जागचे अमिनो आम्ल चालेल की नाही, हे ठरू शकते. असे गुंतागुंतीचे संबंध पकडण्यासाठी डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातील मॉर्टन नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ च्या सुमारास ‘न्यूरल नेटवर्क’ वापरायला सुरुवात केली. या पद्धतीत संगणकाला नियम सांगितले जात नाहीत. हा तुकडा या खोबणीत घट्ट बसला, हा बसला नाही, अशी हजारो उदाहरणे त्याला दाखवली जातात. तो आधी अंदाज करतो, चूक कळली की आतली आकडेमोड थोडी बदलतो, पुन्हा अंदाज करतो. हे लाखो वेळा घडले की उदाहरणांमागचा साचा त्याच्या आकड्यांत उतरतो. अशा आकडेमोडीचे अनेक थर एकावर एक रचले की त्याला डीप लर्निंग म्हणतात. नाव भारदस्त आहे. काम मात्र आधी पाहिलेल्या उदाहरणांवरून पुढचा अंदाज करण्याचेच आहे.

२०२० पर्यंत उदाहरणांचा साठाही बदलला. आधी एकेक तुकडा तयार करून तो खोबणीत बसतो का, ते पाहिले जाई. आता वस्तुमान वर्णपटमापक या यंत्राने पेशीच्या पृष्ठभागावरचे हजारो तुकडे एकाच वेळी ओळखता येतात. अमेरिकेतील एका गटाने २०२० मध्ये ९५ एचएलए प्रकारांवरील १ लाख ८५ हजारांहून अधिक तुकड्यांची माहिती प्रसिद्ध केली. कॅलिफोर्नियातील ला होया येथून चालवला जाणारा ‘इम्यून एपिटोप डेटाबेस’ जगभरातले असे प्रयोग एकत्र करून सर्वांना मोफत उपलब्ध करून देतो. जगातल्या बहुतेक भाकीत-प्रणाली या साठ्यावरच शिकल्या आहेत.

याचा उपयोग काय झाला, ते करोनाकाळात दिसले. विषाणूचा जनुकीय आराखडा जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला आणि मार्चमध्येच ला होया येथील आलेस्सांद्रो सेट्टे यांच्या गटाने त्यातील संभाव्य एपिटोपची यादी छापली. त्या भाकितांवरून तुकड्यांचे संच तयार करून त्यांनी आजारातून बऱ्या झालेल्या २० जणांचे रक्त तपासले. मदतनीस टी-पेशींचा प्रतिसाद सर्वांमध्ये आणि मारक टी-पेशींचा सुमारे ७० टक्के जणांमध्ये आढळला. शरीर या विषाणूला टी-पेशींनीही तोंड देते, हे लस बाजारात येण्याच्या कितीतरी आधी कळले. चाळणी नसती तर हे इतक्या लवकर कळले नसते. मात्र मारक टी-पेशींसाठीचे संच जगात जास्त आढळणारे १२ एचएलए प्रकार धरून केले होते, हेही लक्षात ठेवू. पुढच्या युक्तिवादासाठी ते महत्त्वाचे आहे.

कर्करोगात आशा आणखी मोठी आहे. मॉडर्ना आणि मर्क या कंपन्यांच्या लसीत प्रत्येक रुग्णाच्या गाठीतील बदल वाचून संगणक जास्तीत जास्त ३४ तुकडे निवडतो आणि त्यांचा संदेश देणारा एमआरएनए तयार केला जातो. शस्त्रक्रियेनंतर मेलानोमा उलटण्याचा धोका जास्त असलेल्या १५७ रुग्णांवर या लसीची चाचणी झाली. नेहमीच्या प्रतिकारवर्धक औषधाला या लसीची जोड दिल्यावर आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका एकट्या औषधाच्या तुलनेत ४४ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा सुखावणारा आहे. पण रुग्णसंख्या लहान होती आणि हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही, हे ठामपणे म्हणण्याच्या संख्याशास्त्रीय उंबरठ्याशी तो जेमतेम पोहोचतो. म्हणूनच त्यानंतर मोठ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर न्यूयॉर्क येथे झालेल्या छोट्या अभ्यासात अशीच लस १६ रुग्णांना दिली गेली. त्यांतल्या ८ जणांत टी-पेशी जाग्या झाल्या आणि त्यांचा आजार उलटायला जास्त काळ लागला. उरलेल्या आठ जणांसाठीही संगणकाने तुकडे निवडलेच होते, पण त्यांच्या शरीराने त्यांची दखल घेतली नाही.

हे का होते? कारण संगणक उत्तर देतो ते वेगळ्याच प्रश्नाचे. तुकडा खोबणीत बसेल का, पृष्ठभागावर येईल का, हे तो बऱ्यापैकी सांगतो. टी-पेशी त्याला ओळखेल का, हा त्यापुढचा प्रश्न आहे. आपल्याच प्रथिनांवर तुटून पडू शकणाऱ्या बहुतेक टी-पेशी बालपणापासूनच छातीतल्या थायमस ग्रंथीत बाद केल्या जातात. त्यामुळे कर्करोगाचा तुकडा आपल्या नेहमीच्या प्रथिनासारखा असला तर तो खोबणीत उत्तम बसूनही त्याला ओळखणारी टी-पेशी शिल्लकच नसते. शिवाय एका माणसाच्या शरीरात टी-पेशींचे कोट्यवधी वेगवेगळे ग्राहक असतात. कोणता ग्राहक कोणत्या तुकड्याला धरेल, याची उदाहरणे अजून फार थोडी आहेत आणि पूर्वी न पाहिलेल्या तुकड्याबाबत तर यंत्रांचा अंदाज फारसा चालत नाही.

याची मोजणीही झाली आहे. जगभरातल्या २५ गटांना त्याच रुग्णांच्या गाठींची तीच माहिती देऊन, यातले कोणते तुकडे प्रतिकार यंत्रणा ओळखेल ते सांगा, असे विचारण्यात आले. या उपक्रमाचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गटांनी सुचवलेल्यांपैकी ६०८ तुकडे प्रयोगशाळेत तपासले. प्रतिसाद मिळाला ३७ तुकड्यांना, म्हणजे साधारण ६ टक्क्यांना. गटागटांच्या याद्याही एकमेकींशी फारशा जुळत नव्हत्या. शंभर उत्तरांत सहा बरोबर, असे ऐकले की हसू येईल. पण चाळणी नसती तर ते सहा शोधण्यासाठी किती पट तुकडे तपासावे लागले असते, याचा विचार केला की त्या यंत्राची खरी किंमत कळते. तात्पर्य इतकेच की चाळणीतून पडलेले सगळे धान्य नसते. ते निवडायला प्रयोगशाळा आणि डॉक्टर लागतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नोंदलेले एचएलए प्रकार ४० हजारांहून अधिक, आणि प्रत्यक्ष तुकडे मोजून माहिती जमली आहे ती केवळ काही शे प्रकारांची. त्यातही माहितीचा मोठा ढीग युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त आढळणाऱ्या प्रकारांभोवती, विशेषतः ०२:०१ भोवती जमलेला आहे. मग उरलेल्यांचे काय? यासाठी डेन्मार्कच्या गटाने २००७ मध्ये एक हुशार तोडगा काढला. खोबणीतल्या तुकड्याला स्पर्श करू शकणाऱ्या एचएलएच्या ३४ जागा त्यांनी निवडल्या आणि तुकड्याबरोबर त्याही संगणकाला शिकवल्या. त्यामुळे एखाद्या प्रकाराचा एकही प्रयोग झालेला नसला, तरी त्याच्या ३४ जागा पाहून आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या प्रकारांवरून संगणक अंदाज करू शकतो. भारतीय, आफ्रिकी किंवा आदिवासी रुग्णाला आज काहीतरी उत्तर मिळते ते या तोडग्यामुळेच. त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण शेजाऱ्यावरून केलेला अंदाज शेजारी जवळ असेल तोवरच बरा. कोकणात चार ठिकाणी आणि पुण्यात चार ठिकाणी पर्जन्यमापक आहेत, म्हणून माणदेशात किती पाऊस पडला ते सांगायला गेलो तर आकडा मिळेल, पण शेतकरी त्यावर पेरणी करणार नाही. यंत्राची गोची अशी की, ते ०२:०१ साठी हजारो प्रयोगांच्या आधाराने आणि एखाद्या दुर्लक्षित प्रकारासाठी जवळजवळ निराधार, अशी दोन्ही उत्तरे सारख्याच थाटात छापते. दोन्हीकडे दशांश चिन्हापुढे तेवढेच आकडे. पडद्याकडे पाहणाऱ्या डॉक्टरला त्यांतला फरक दिसत नाही. त्यात भर म्हणजे ही यंत्रे किती अचूक आहेत हे ज्या उदाहरणांवर तपासले जाते, तीही बहुतेक त्याच साठ्यातली, त्याच प्रकारांची. ज्या हंडीतली शिते घेऊन शिकवले, त्याच हंडीतल्या शितांवर परीक्षा घेतली तर गुण चांगले पडणारच. दुसऱ्या चुलीवरच्या भाताबद्दल त्यातून काही कळत नाही.

मग भारताने काय करावे? आपण या क्षेत्रात अगदीच नवखे नाही. चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील जी. पी. एस. राघव आणि त्यांचे सहकारी हरप्रीत सिंग यांनी २००१ मध्येच ‘प्रोप्रेड’ हे मोफत साधन जगाला दिले. त्यात एचएलए-डीआर या गटाच्या ५१ प्रकारांची भाकिते करता येत होती. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या आयसीएमआरच्या संस्थेने पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजगटांतील एचएलए प्रकारांवर अभ्यास प्रसिद्ध केले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील देशभरच्या सुमारे १० हजार व्यक्तींचा जनुकसंच संशोधकांसाठी उपलब्ध झाला. त्यातून कोणता एचएलए प्रकार कुठल्या लोकसमूहात किती, याचा नकाशा आणखी नेमका करता येईल.

उणीव आहे ती पुढच्या पायरीची. आपल्याकडे कोणते प्रकार आहेत याची यादी आणि त्या प्रकारांच्या खोबणीत प्रत्यक्ष काय बसते याचे मोजमाप, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर यंत्र शिकत नाही, दुसरीवर शिकते. भारतीयांत वारंवार आढळणारे वीस-पंचवीस प्रकार निवडायचे, त्यांचे तुकडे वस्तुमान वर्णपटमापकाने मोजायचे आणि ते निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवायचे. याला नवा सिद्धांत लागत नाही. पद्धती प्रस्थापित आहेत, यंत्रे देशातल्या मोठ्या संस्थांत आहेत. लागतो तो काही वर्षांचा चिकाटीचा पैसा आणि ‘मोजमाप हेही संशोधनच आहे’ हे मान्य करणारी दृष्टी. संगणकप्रणाली तयार करणाऱ्याला टाळ्या मिळतात, तिला लागणारी माहिती जमवणाऱ्याला मिळत नाहीत. निधी देणाऱ्यांनी हा क्रम बदलायला हवा. रुग्णालये आणि प्रत्यारोपण केंद्रांकडे रोज तपासल्या जाणाऱ्या एचएलएची माहितीही यात मोलाची ठरेल. मात्र ती घेताना रुग्णाची स्पष्ट संमती, ओळख लपवण्याची पक्की व्यवस्था आणि त्यातून निघणाऱ्या उपचारांवर आपल्या रुग्णांचा हक्क, या तिन्ही गोष्टी आधी कागदावर आल्या पाहिजेत.

‘क्षयरोग अजून आटोक्यात नाही, तिथे ही चैन कशाला?’ असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पण क्षयरोगाचेच उदाहरण घेऊ. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि या जिवाणूशी शरीर लढते ते मुख्यतः टी-पेशींच्या जोरावर. नव्या क्षयलसीत जिवाणूच्या चार हजारांच्या आसपास प्रथिनांपैकी कोणती घ्यायची, हा प्रश्न एपिटोपचाच आहे. ज्या देशात रुग्ण सर्वाधिक, त्या देशातील लोकांच्या एचएलएला कोणते तुकडे दिसतात याची नीट नोंद नसावी, हे परवडणारे नाही. इथे चैन आणि गरज यांत अंतर उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, एचएलएची भानगड टाळणारे उपचारही आहेत. हेही खरे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मान्यता मिळाली. त्यातील टी-पेशी रक्ताच्या काही कर्करोगांत पेशीच्या पृष्ठभागावर उघड्या असलेल्या सीडी-१९ या प्रथिनाला थेट पकडतात, एचएलए कोणता आहे हे विचारत नाहीत. म्हणूनच हा उपचार कोणत्याही एचएलएच्या भारतीय रुग्णाला चालतो. पण घन गाठींत असे उघडे आणि केवळ कर्करोगाचे म्हणता येईल असे प्रथिन क्वचित सापडते. पेशीच्या आत दडलेली खूण बाहेर दिसण्याचा मार्ग एचएलएच्या खोबणीतूनच जातो. ती भानगड फार काळ टाळता येणार नाही.

वाचकांनी यातून काय घ्यावे? येत्या काही वर्षांत ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने केवळ तुमच्यासाठी तयार केलेली कर्करोगाची लस’ अशी जाहिरात आपल्या गावातही दिसेल. गाठीला बसलेल्या माणसाच्या घरचे अशा शब्दांपुढे सहज विरघळतात. तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. ही लस मान्यताप्राप्त आहे की चाचणीच्या टप्प्यात? चाचणीत असेल तर ती सरकारी नोंदवहीत नोंदलेली आहे का? आणि माझ्या रुग्णाच्या एचएलए प्रकारासाठी हे भाकीत प्रत्यक्ष मोजमापावर बेतलेले आहे की शेजाऱ्यावरून केलेला अंदाज आहे? नोंदणीकृत चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून लसीचे पैसे मागितले जात असतील, तर तिथेच थांबून आपल्या डॉक्टरांना विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज बहुतेक ठिकाणी मिळणार नाही. तरी विचारत राहिले पाहिजे, कारण प्रश्न विचारणारे वाढले की उत्तर तयार ठेवावे लागते.

डीप लर्निंगने एपिटोपचा शोध सोपा केला, यात शंका नाही. पण यंत्र आपल्याविषयी तेवढेच जाणते, जेवढे आपण मोजून त्याला सांगितले आहे. ०२:११ हा प्रकार पुढच्या उपचाराच्या यादीत असेल की नाही, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या कार्यालयात ठरेल त्याच्या कितीतरी आधी, आपल्याकडच्या एखाद्या प्रयोगशाळेत ते तुकडे मोजले गेले की नाही, यावर ठरणार आहे.